ब्राउझर बदलावा का?

मागल्या वर्षीची गोष्ट. एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते, आणि आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मी आणि बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी असे दोघेच उरलो होतो. मुलाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले. शिष्यवृत्ती मिळाली तर वर्ष पुरे व्हायचे. न मिळाली तर त्यालाही कोयता हाती घ्यावा लागणार, अशी स्थिती. माझ्या संगणकावर आम्ही अर्ज भरायला घेतला. नाव झाले, पत्ता झाला, उत्पन्नाचा दाखला झाला, बँकेचा खातेक्रमांक झाला. शेवटचे बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. तरी काही नाही. पडद्यावर ना चूक दाखवणारी ओळ, ना पावती.

मुलगा भीतभीत म्हणाला, "सर, ऑफिसातल्या मशीनवर बघू या का?"

आम्ही धावतच खाली गेलो. भाऊसाहेब कुलूप हातात घेऊन उभे होते. "दहा मिनिटं थांबा," म्हटले. त्यांनी न बोलता दिवा लावला. त्यांच्या संगणकावर क्रोम होते. सारा अर्ज पहिल्यापासून भरला, बटण दाबले, आणि पावती निघाली. जीव भांड्यात पडला. जिना उतरताना मुलाने मला सहज विचारले, "सर, मग तुम्ही ते दुसरं का वापरता?"

ते दुसरे म्हणजे फायरफॉक्स नावाचा ब्राउझर. मी तो बरीच वर्षे वापरतो. पण त्या जिन्यावर मला नीट उत्तर देता आले नाही. प्रश्न रास्त होता, आणि विचारणाऱ्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार होता. तेव्हा जे उत्तर जमले नाही, ते आज जमवण्याचा प्रयत्न करतो. वकिली करण्याचा माझा इरादा नाही. तराजूची दोन्ही पारडी तुमच्यापुढे मांडतो. वजन तुम्हीच पाहा.

प्रथम ब्राउझर म्हणजे काय ते पाहू. काही जण त्याला मराठीत 'न्याहाळक' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण न्याहाळणे हे त्याचे अर्धेच काम. आपण एखाद्या वृत्तपत्राचा किंवा बँकेचा पत्ता टाकतो, तेव्हा ब्राउझर दूरच्या संगणकाकडे निरोप धाडतो. तिकडून जे येते ते सजवलेले पान नसते. ते असते नुसत्या सूचनांचे बाड. येथे मथळा लिही, तेथे चित्र लाव, हे बटण दाबले की अमुक हिशेब कर, अशा त्या सूचना. त्या वाचून पान उभे करणारा जो भाग ब्राउझरच्या पोटात असतो, त्याला 'इंजिन' म्हणतात. आपल्याला दिसतात ती बटणे, पट्ट्या, रंग हा सारा वरचा डबा. गाडी ओढते ते इंजिन. पुढच्या सगळ्या विवेचनात एवढा एक भेद ध्यानात असू द्या.

आता थोडा इतिहास. वर्ल्ड वाइड वेब आणि त्याचा पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० साली तयार केला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून 'मोझेक' आला आणि वेब सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. १९९४ मध्ये 'नेटस्केप' निघाला आणि पाहता पाहता सर्वांचा झाला. तेव्हा मायक्रोसॉफ्ट जागी झाली. तिने १९९५ मध्ये 'इंटरनेट एक्सप्लोरर' काढला आणि पुढे तो विंडोजबरोबर फुकट द्यायला सुरुवात केली. संगणक घेतला की ब्राउझर आतच. मग दुसरा कोण शोधणार? माझ्या पिढीने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून जे इंटरनेट पाहिले, ते त्या निळ्या 'ई'मधूनच. आम्हाला वाटे, तो निळा 'ई' म्हणजेच इंटरनेट.

अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. पण बाजाराचा निकाल त्याआधीच लागत आला होता. २००२-०३ च्या सुमारास शंभरातले नव्वदांहून अधिक लोक इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होते. आणि आता मौज पाहा. या ब्राउझरची सहावी आवृत्ती निघाली २००१ मध्ये. सातवी निघाली २००६ मध्ये. मधली पाच वर्षे जवळजवळ सामसूम. ज्याला स्पर्धकच उरला नाही, त्याने घाम का गाळावा?

मी अर्थशास्त्र शिकवतो. मक्तेदार आला की किंमत वाढते, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगतो. पण ब्राउझरची किंमत तर शून्य! मग मक्तेदारीने बिघडले कुठे? बिघडले ते असे: माल सुधारायचा थांबला. भोके पडली ती वेळेवर बुजवली गेली नाहीत. आणि संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी फक्त त्या एकाच ब्राउझरपुरती पाने बांधली, त्यामुळे दुसऱ्याला पाय ठेवायला जागा राहिली नाही. फुकट वस्तूचीही किंमत असते. ती फक्त पैशात मोजली जात नाही.

ही कोंडी फोडली ती पराभूत नेटस्केपच्या वारसांनी. हरता हरता त्या कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्वांना खुली केली होती. त्यातून 'मोझिला' प्रकल्प उभा राहिला. २००३ मध्ये मोझिला फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली, आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर पडली. एकाच खिडकीत अनेक टॅब उघडण्याची आणि आगंतुक खिडक्या अडवण्याची सोय त्यात होती. लोक त्याकडे वळले. २००९-१० च्या सुमारास जगातले जवळजवळ तीस टक्के लोक फायरफॉक्स वापरत होते. मायक्रोसॉफ्टची झोप मोडली आणि तिनेही नव्या आवृत्त्या काढल्या. याचा फायदा ज्यांनी फायरफॉक्स कधी पाहिलाही नाही, त्यांनासुद्धा झाला.

पुढे २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने 'क्रोम' आणला. तो चपळ होता आणि सुरक्षिततेचा विचार त्यात पायापासून केलेला होता. जो जिंकला, तो प्रथम गुणांवर जिंकला. हे मान्य केलेच पाहिजे. नंतर अँड्रॉइड फोनबरोबर तो घरोघर पोचला. आज जगातले सुमारे दोनतृतीयांश लोक क्रोम वापरतात. फायरफॉक्स उरला आहे शंभरात दोन-तीन माणसांपुरता.

तुम्ही म्हणाल, "पण बाजारात ब्राउझर तर पुष्कळ आहेत!" आहेत की. एज आहे, ऑपेरा आहे, ब्रेव्ह आहे, विवाल्डी आहे. पण मघाचा डब्याचा आणि इंजिनाचा भेद आठवा. ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे इंजिन सोडले. मायक्रोसॉफ्टने एजचे स्वतःचे इंजिन टाकून २०२० मध्ये क्रोमचेच बसवले. या चारही ब्राउझरांच्या पोटात आज क्रोमचे 'ब्लिंक' नावाचे इंजिन आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२३ मध्ये देशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली आणि २०२५ मध्ये झोहो कंपनीला पहिले बक्षीस मिळाले. तिचा 'उला' हा ब्राउझरही त्याच पायावर उभा आहे. यात लाजिरवाणे काही नाही. नवे इंजिन घडवणे हे फार खर्चाचे काम आहे. पण वस्तुस्थिती अशी की सर्वसामान्य वापरातली इंजिने आता तीनच: गूगलचे ब्लिंक, अ‍ॅपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. त्यातले वेबकिट मुख्यतः अ‍ॅपलच्या यंत्रांवर. म्हणजे विंडोज किंवा अँड्रॉइड वापरणाऱ्याने खरोखरीचा पर्याय म्हटला, तर तो बव्हंशी फायरफॉक्सच.

याने काय बिघडते? ज्यांनी पंढरपूरच्या वारीला कुर्डुवाडीवरून प्रवास केला आहे, त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी आठवत असेल. मोठ्या गाडीतून उतरायचे, बोचकी डोक्यावर घ्यायची आणि छोट्या गाडीत चढायचे. कारण रुळांची रुंदी निराळी. रुंदी एक असावी, हे उत्तम. वेबलाही अशी एक रुंदी आहे. १९९४ पासून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शिअम ही संस्था आणि तिच्यासारख्या इतर संस्था ती कागदावर ठरवतात. पण ही रुंदी सर्वांनी बसून ठरवणे वेगळे, आणि सारी इंजिने एकाच कारखान्यातली असल्यामुळे तो कारखाना म्हणेल ती रुंदी होणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात कागद उरतो नावापुरता.

आता पहिले पारडे भरू. फायरफॉक्सकडे वळणाऱ्याला प्रत्यक्ष हाती काय लागते?

पहिला लाभ पाळतीपासून संरक्षणाचा. 'कुकी' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कापडाच्या दुकानात शिरलात की दुकानदार एक चिठ्ठी तुमच्या खिशात सारतो, पुढच्या खेपेला ती पाहून तो म्हणतो, "या, मागल्या वेळी धोतरजोडी नेली होतीत ना?" येथवर ठीक आहे. ही चिठ्ठी नसेल तर बँकेच्या संकेतस्थळाला पावलोपावली तुमची ओळख विचारावी लागेल. पण समजा, गावातल्या प्रत्येक दुकानाच्या दारात एकाच जाहिरात कंपनीचा माणूस बसला आहे, आणि तुम्ही डॉक्टरकडे गेलात, सावकाराकडे गेलात, वधूवर सूचक मंडळात गेलात, तरी प्रत्येक ठिकाणी तो त्याच चिठ्ठीवर टिपण करतो आहे. याला त्रयस्थ कुकी म्हणतात. फायरफॉक्सने २०१९ पासून माहीत असलेल्या अशा पाळतीच्या कुकी आपण होऊन अडवायला सुरुवात केली. २०२२ पासून तो प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या बरणीत ठेवतो. एका दुकानातली चिठ्ठी दुसऱ्या दुकानात दिसतच नाही. अ‍ॅपलच्या सफारीनेही २०२० मध्ये त्रयस्थ कुकी बंद केल्या.

आणि क्रोम? गूगलने २०२० मध्ये जाहीर केले होते की दोन वर्षांत आपणही त्या बंद करू. मग तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि २०२५ मध्ये तो बेतच सोडून दिला. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाचे आक्षेपही त्यात आडवे आले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही एवढे खरे की गूगलचे बहुतेक उत्पन्न जाहिरातींचे आहे, आणि ज्या फांदीवर बसलो ती तोडायला कोणी आनंदाने कुऱ्हाड उचलत नाही.

दुसरा लाभ जाहिराती अडवण्याचा. ब्राउझरला छोट्या जोडण्या लावता येतात. त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. यूब्लॉक ओरिजिन ही त्यांतली एक नावाजलेली जोडणी. गूगलने या जोडण्यांचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये जुन्या नियमांवरच्या जोडण्या क्रोममध्ये बंद केल्या. यूब्लॉकची पूर्ण आवृत्ती त्यात गेली; क्रोमसाठी तिची हलकी आवृत्ती उरली. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती चालते, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. ज्यांच्या फोनचा रोजचा डेटा दुपारीच संपतो, त्यांना जाहिरातींच्या चित्रांत किती डेटा वाहून जातो हे वेगळे सांगायला नको. अर्थात येथे दुसरी बाजूही आहे. अनेक लहान वृत्तपत्रे आणि मासिके जाहिरातींवर जगतात. जे आपण आवडीने वाचतो, त्यासाठी हा अडसर उघडा ठेवणे किंवा वर्गणी भरणे, हा साधा व्यवहारधर्म आहे.

तिसरा लाभ जरा दूरचा, पण माझ्या मते सर्वांत मोठा. आपण दुसरे इंजिन वापरतो, तेव्हा ते जिवंत राहते. संकेतस्थळ बांधणाऱ्याला दोन ठिकाणी तपासून पाहावे लागते, आणि दोन ठिकाणी तपासलेले पान कोणा एकाच्या मर्जीवर राहत नाही. फायरफॉक्सची संहिता खुली आहे. पण ती तर क्रोमच्या मुळाशी असलेल्या क्रोमियमचीही आहे. फरक संहितेच्या खुलेपणात नाही, निर्णय कोण घेतो यात आहे. एकीकडे निर्णय घेते जाहिरातींची सर्वांत मोठी कंपनी, दुसरीकडे एका ना-नफा संस्थेच्या मालकीची छोटी कंपनी.

आता दुसरे पारडे. ते हलके आहे असे समजू नका.

पहिली अडचण त्या संध्याकाळची. काही संकेतस्थळे फक्त क्रोमवर तपासलेली असतात. बटण चालत नाही, छापील पावती वेडीवाकडी येते, किंवा 'क्रोम वापरा' अशी पाटीच झळकते. हे रोज घडत नाही. माझ्या अनुभवात महिन्यातून एखाददा. पण ते नेमके कधी घडेल हे सांगता येत नाही, आणि शेवटच्या दिवशी घडले तर एखाद्याचे वर्ष जाऊ शकते.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती अंमळ विनोदी आहे. मोझिलाच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग येतो तो गूगलकडून! फायरफॉक्समध्ये शोधासाठी आधीपासून गूगल बसवलेले असते, त्याबद्दल गूगल पैसे देते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरूनच शिधा येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकन न्यायालयाने गूगलला शोधाच्या बाजारातला बेकायदा मक्तेदार ठरवले. तेव्हा सरकारची मागणी होती की गूगलने क्रोम विकावे आणि असे पैसे देणे थांबवावे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने क्रोम विकण्याची मागणी फेटाळली आणि पैसे देण्यावर सरसकट बंदीही घातली नाही. फक्त दुसऱ्याला दार बंद करणारे करार मना केले. पैसे बंद झाले असते, तर मक्तेदारी मोडण्याच्या उपायाने प्रथम मोडला असता तो फायरफॉक्सच. ही विसंगती मी वर्गात सांगितली तेव्हा मुले हसली. पण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

तिसरी अडचण संस्थेच्या प्रकृतीची. २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे लोकांना कामावरून कमी केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने वापराच्या नव्या अटी आणल्या. त्यांतली भाषा अशी होती की आपण टंकलेल्या मजकुरावर ही संस्था हक्क सांगते की काय, असे लोकांना वाटले. 'तुमची माहिती आम्ही कधीही विकणार नाही' हे जुने वचनही त्याच वेळी पानावरून निघाले. ओरड झाली, आणि काही दिवसांतच अटींची भाषा बदलली. पण एकदा मनात आलेली शंका भाषा बदलल्याने पुरती जात नाही. देवळाचा पुजारीसुद्धा हिशेब दाखवायला बांधलेला असावा, येथेही तेच.

चौथी गोष्ट सुरक्षिततेची. एका टॅबमधल्या खोडसाळ पानाने शेजारच्या टॅबमधल्या बँकेच्या पानात डोकावू नये, म्हणून प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या कप्प्यात कोंडण्याची रीत आहे. संगणकावरच्या क्रोममध्ये ती २०१८ मध्ये सर्वांसाठी सुरू झाली. फायरफॉक्समध्ये २०२१ च्या अखेरीस. आज संगणकावर दोघांतही ती आहे. पण अशा कामांत मनुष्यबळ आणि पैसा लागतो, आणि तो कोणाकडे अधिक आहे हे उघड आहे.

पाचवी गोष्ट आयफोनवाल्यांसाठी. अ‍ॅपलच्या नियमांमुळे आयफोनवर सारे ब्राउझर अ‍ॅपलच्याच वेबकिट इंजिनावर चालत आले आहेत. युरोपीय संघात २०२४ पासून कायद्याने दार किलकिले झाले आहे, आपल्याकडे नाही. तेव्हा आयफोनवर फायरफॉक्स घेतलात तर डबा बदलेल, इंजिन तेच राहील.

शिवाय दोन गैरसमज दूर केले पाहिजेत, कारण त्यांमुळे माणसे नको तिथे निर्धास्त होतात. एक म्हणजे खाजगी खिडकी. ती उघडली की आपण अदृश्य झालो असे कित्येकांना वाटते. ती फक्त तुमच्या यंत्रावर मागे खूण ठेवत नाही. तुम्ही कोठे गेलात हे त्या संकेतस्थळाला आणि तुमच्या कचेरीच्या जाळ्याला कळू शकतेच. दुसरा गैरसमज असा की ब्राउझर बदलला म्हणजे गूगलपासून सुटका झाली. फायरफॉक्समध्ये बसून तुम्ही जीमेल उघडलेत, यूट्यूब पाहिलेत, तर गूगलला ते दिसणारच. दाराची कडी बदलली म्हणून पाहुण्याला आपणच आत बोलावल्यावर तो बाहेर थोडाच राहणार?

तर मग करावे काय? माझा सल्ला साधा आहे: ब्राउझर बदलू नका, वाढवा. क्रोम काढून टाकण्याची गरज नाही. त्याच्या जोडीला फायरफॉक्स ठेवा; फुकट मिळतो. मात्र तो मोझिलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्या, वाटेत भेटलेल्या दुव्यावरून नव्हे. त्याच्या बटणांची आणि याद्यांची भाषा मराठीही करता येते. ते मराठी भाषांतर स्वयंसेवकांच्या श्रमांतून उभे राहिले आहे. पहिल्यांदा उघडला की तुमच्या जुन्या खुणा आणि पासवर्ड क्रोममधून आणण्याची सोय त्यात आहे. घरच्या संगणकावर हरकत नाही. सामायिक संगणकावर मात्र ते करू नका. मग पंधरा दिवस वाचन, बातम्या, शोध, खरेदी असे रोजचे फिरणे त्यात करा. परीक्षेचा अर्ज, सरकारी पावती, अशी एकदाच संधी देणारी कामे आली आणि पान अडले, तर बेधडक क्रोम उघडा. पंधरा दिवसांनी तुमचे तुम्हालाच कळेल. नाहीच रुचला तर काढून टाका. गेले ते थोडे श्रम.

आमच्या ग्रंथालयातल्या संगणकांवर आता असेच दोन्ही ठेवले आहेत. फायरफॉक्स बंद केला की मागच्याची सारी खूण पुसली जाईल, अशी मांडणी त्यात केली आहे. एका मुलीचा ईमेल दुसऱ्याला उघडा सापडण्याचे प्रकार त्यामुळे कमी झाले. ही मांडणी क्रोममध्येही करता येते म्हणा. मुद्दा हा की ती कोणी तरी बसून करावी लागते.

आता त्या बटणाचे गूढ सांगून संपवतो. दुसऱ्या दिवशी मी संगणक प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला घेऊन बसलो. त्याने माझा ब्राउझर पाहिला आणि हसला. "सर, तुम्ही पहारा 'कडक'वर ठेवलाय. हा अर्ज शेवटी ओळख पटवायला दुसऱ्या पत्त्यावर जातो, ते तुमच्या पहारेकऱ्यानं अडवलं." पत्त्याच्या पट्टीशेजारी ढालीची एक खूण असते. तिच्यावर टिचकी मारून त्याने तेवढ्या एका संकेतस्थळापुरता पहारा उठवला. बटण चालले. म्हणजे निम्मा दोष त्या संकेतस्थळाचा, की त्याने काय अडले ते सांगितले नाही. आणि निम्मा माझा, की नेहमीच्या बेताचा पहारा पुरेसा असताना मी हौसेने कडक केला, आणि ढाल कशासाठी असते ते वाचले नाही. ज्या गुणासाठी मी तो ब्राउझर घेतला, त्याच गुणाने त्या संध्याकाळी वाट अडवली. लाभ आणि तोटा ही येथे दोन वेगळी खाती नाहीत. एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

त्या मुलाला शिष्यवृत्ती मिळाली. तो आता तिसऱ्या वर्षात आहे. परवा ग्रंथालयात दिसला तेव्हा मीच त्याचा जुना प्रश्न काढला आणि म्हटले, "अरे, मी ते दुसरं वापरतो, कारण एकाच दुकानाच्या भरवशावर गाव राहिलं की काय होतं ते मी पाहिलंय. पण त्या दिवशी माझ्या हट्टाची किंमत तू भरणार होतास, हे चुकलंच."

तत्त्व जरूर पाळावे. पण ते आपल्या खर्चाने पाळावे, दुसऱ्याच्या नव्हे. एवढे सांभाळले, तर दुसरा ब्राउझर जवळ ठेवण्यात नुकसान काहीच नाही, आणि लाभ तुमच्या एकट्याचा नाही.